घरं हलवणाऱ्याच्या घरातला पाहुणा

माझा नवरा लोकांची घरं हलवतो. एका घरातलं सामान गाडीत भरायचं आणि दुसऱ्या घरात नेऊन लावायचं, हा त्याचा धंदा. अंगाने काडीपैलवान, पण कुठलं कपाट कुठल्या जिन्यात कसं वळेल हे त्याला नुसतं बघून कळतं. वळणावर तो "अलगद, अलगद!" असं इतक्यांदा ओरडतो की गाडीवरच्या माणसांनी त्याचं नावच अलगद ठेवलंय. भरलेला संसार दुपारच्या जेवणाआधी रिकामा करणारा हा माणूस, आणि त्याला स्वतःच्या घरातला एक पाहुणा हलवता येईना. आता याला काय म्हणायचं?

पाहुणा म्हणजे त्याचा शाळेतला मित्र. आमच्या गावात दात बसवून घ्यायला आला होता. "दोन दिवसांचं काम आहे वहिनी," म्हणाला, आणि मी मूर्खासारखी ते खरं धरून चालले. आधी मापं झाली. मग कवळी आली, ती टोचते म्हणून परत गेली, नंतर सैल झाली म्हणून पुन्हा गेली. शेवटी एकदाची ती बसली, पण तोवर पाहुण्याने आमच्याकडे चांगलंच बस्तान बसवलं होतं.

आमचं घर भाड्याचं. बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीतला सोफा पाहुण्याचा झाला. रात्री त्याची कवळी माझ्या चांगल्यातल्या काचेच्या पेल्यात पोहायची. मला कामाला जायची घाई असे नेमका तेव्हाच तो न्हाणीघरात शिरायचा आणि भसाड्या आवाजात गात बसायचा. टीव्ही एवढा मोठ्याने लावायचा की खालच्या मजल्यावर घरमालकीणबाईंना बातम्या फुकटात ऐकायला मिळायच्या.

एवढं सगळं मी दातओठ खाऊन सोसलंही असतं. पण तेवढ्यात माझे बाबा घरात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका. मी मालकीणबाईंना विचारायला गेले, तर त्या म्हणाल्या, "मी घर दिलंय दोन माणसांना. तिसरं चालवून घेईन. चौथं आलं तर सगळ्यांनीच दुसरं घर बघा." तिसरी जागा तर पाहुण्याने अडवलेली! बाबांना कुठून कळलं देव जाणे. फोनवर म्हणाले, "तुमच्याकडे माणूस आहे ना? मग मी आपला माझ्या घरी जातो. दोन वेळा कुणीतरी येऊन बघून गेलं की झालं." हे म्हणताना त्यांचा आवाज अगदी हसरा होता. फोन ठेवला आणि मला रडूच फुटलं.

नवऱ्याला म्हटलं, "आता तुम्ही बोला त्याच्याशी. तुमचा मित्र आहे."

"बोलतो ना," तो म्हणाला. बोललाही. मी दाराआडून ऐकत होते. "काय रे, दात काय म्हणतायत?" इथून जी सुरुवात झाली ती शाळेतल्या गणिताच्या सरांवर जाऊन संपली.

मग मीच कंबर कसली. तोंडावर जा म्हणायची आपल्याला सवय नाही, म्हणून आडवळण घेतलं. चहा फिका केला, तर म्हणाला, "छान वहिनी, गोड कमीच बरं." टीव्हीची वायर सैल करून ठेवली, तर त्याने ती जोडलीच, वर माझी बंद पडलेली इस्त्रीही दुरुस्त करून दिली. सोफ्याचं कापड बदलायला म्हणून सोफाच बाहेर पाठवला, तर फरशीवर सतरंजी टाकून झोपला आणि सकाळी म्हणाला, "पाठ अशी मोकळी झाली म्हणता!" कोडगा तरी किती असावा माणसाने!

उद्या बाबांना सोडणार, असा निरोप दवाखान्यातून आला, तेव्हा माझा संयम संपला. नवरा कामावर गेला होता. मी टीव्ही बंद केला आणि सरळ विचारलं, "भावजी, तुम्ही जाणार कधी?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला कोंडवाड्यातून सोडवायलाच आले होते.

"वहिनी, मी तर केव्हाचा निघतोय! तुमचा नवरा सोडत नाही. एकदा बॅग भरली, ती त्याने माळ्यावर नेऊन ठेवली. एकदा दारापर्यंत गेलो, तर बूट लपवले. म्हणाला, न सांगता गेलास तर तुझ्या वहिनीला फार वाईट वाटेल."

"मला?"

"मीही तेच धरून बसलो. तुमचं मन कसं मोडायचं? राग मानू नका, पण तुमच्या त्या चहाने तोंडाची चव गेली माझ्या. आणि फरशीने पाठीचा पार भुगा केलाय. घरी बायको रोज फोनवर उद्धार करते, तो वेगळाच."

मी डोक्याला हात लावला. इतके दिवस मी ज्याला चोर समजत होते, तो बिचारा आमच्याच घरात अडकून पडला होता.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून झटपट बेत केला. मी स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढली. बूट पिठाच्या डब्यामागे सापडले. कवळी तोंडात आहे ना, याची मी स्वतः खात्री करून घेतली. जिना उतरून दाराशी येतो, तोच समोर नवऱ्याची गाडी उभी. सामान बांधायचा दोर घरी विसरला होता म्हणे.

"अरे, हे काय? असा न जेवता? एवढी काय घाई आहे?" म्हणत त्याने बॅगेला हात घातला.

"सोडा ती बॅग!" मी ओरडले. मालकीणबाई दार उघडून बाहेर आल्या, पण मला कसलं भान? "माझा बाप उद्या कुठे जाईल याचा विचार केलात? मित्राला धरून ठेवताय आणि त्या म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडताय!"

नवऱ्याने बॅग सोडली आणि तो पायरीवर मटकन बसला. म्हणाला, "अगं, रोज लोकांची घरं रिकामी करतो मी. शेवटी भिंतीवर खिळे तेवढे राहतात. आपल्या घरातून कुणी बॅग उचलली की मला बघवत नाही. बाबांचं माझ्या डोक्यातच आलं नाही, खरंच."

माझा निम्मा राग तिथेच उतरला, पण मी तसं दाखवलं नाही. पाहुणा "येतो" म्हणाला, नवरा "ये" म्हणाला आणि पाहुणा मागे वळून न बघता चालता झाला.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर नवरा घरात नाही. फोनही उचलेना. म्हटलं, रुसला, नाहीतर गेला मित्राला परत आणायला. मी एकटीच दवाखान्यात पोहोचले, तर पलंग रिकामा. नर्स म्हणाली, जावई केव्हाच घेऊन गेले. तशीच उलट पावली घरी आले.

दारात गाडी उभी होती आणि गाडीत बाबांचं घर होतं. त्यांची खाट, लाकडी कपाट, आईचा आरसा, एवढंच काय, त्यांची पाण्याची कळशीसुद्धा. माणसं बाबांना त्यांच्याच खुर्चीत बसवून जिन्यावरून वर नेत होती आणि नवरा पुढे उलटा चढत एकेका पायरीला दम देत होता.

"बघ गं," बाबा खुर्चीतूनच मला म्हणाले, "मी म्हटलं, चार दिवसांसाठी येतोय, एक पिशवी पुरे. जावईबापूंनी माझ्याकडून किल्ली घेतली आणि हे सगळं उचलून आणलं!"

नवऱ्याने घाम पुसला. "पिशवी घेऊन येतो तो पाहुणा, बाबा. कपाट घेऊन आलेल्या माणसाला जा म्हणायची कुणाची छाती आहे?"

 खुर्ची बाहेरच्या खोलीत टेकली तरी बाबा खाली मान घालून बसून होते. मी पाणी आणलं, तेही घेईनात. मग कपाट वर आलं आणि माणसं ते खिडकीशी लावायला लागली.

"तिथे नको," बाबा एकदम म्हणाले. "ऊन लागून लाकूड तडकेल. या भिंतीला लावा."