ओल्या पावलाचं माप

फरशी पुसणाऱ्या माणसाला आधी जगाचे पाय दिसतात, तोंडं मागाहून. शाळेतल्या फरशीमावशीचं तसंच होतं. सव्वीस वर्षं तिने त्या प्राथमिक शाळेचा लांबलचक व्हरांडा पुसला आणि सव्वीस वर्षांतली पोरं पावलांवरून ओळखली. नावं विचाराल तर अडखळायची. पण ओल्या फरशीवरून कोणी पळालं, की ठसा बघून हाळी द्यायची, "ए वाकड्या करंगळीच्या, थांब! पुन्हा पुसायला काय तुझी आजी येणार आहे?" आणि पोरगं जागच्या जागी थिजायचं.

एकदा शाळेतली रंगीत खडूंची अख्खी पेटी गायब झाली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तीन वर्ग उभे करून दरडावलं. कोणी ब्र काढला नाही. मावशीने व्हरांड्यावरून एक नजर फिरवली न् बाईंच्या कानाशी लागली, "पोरांना बसवा, बाई. कपाटापाशी गेलेलं हे सपाट पाऊल चाळिशीच्या पुढचं आहे." दुसऱ्या दिवशी चित्रकलेचे सर पेटी घेऊन हजर. चुकून पिशवीत गेली म्हणे!

त्या शाळेत बूट-चपला दारातल्या फळीवर काढून ठेवायचा नियम होता, लहानांना तसा मोठ्यांनाही. एरवी त्याचं काही नाही, पण थंडी पडली की मावशीची फरशी बोलायला लागायची. पायात मोजा असला तर नुसता फराटा उमटतो. ऐन थंडीत ज्याचं पाऊल पाचही बोटांसकट लख्ख उमटलं, त्याच्या घरी मोज्यांची बोंब. आणि जिथे मोज्यांची बोंब, तिथे बुटांचं काय विचारता! कोणाला वर्गात उभं करायला नको, हात वर करायला सांगायला नको.

पूर्वी मात्र तेच चालायचं. थंडीच्या लांब सुट्टीआधी शाळेत मोठा कार्यक्रम व्हायचा, गाणी, नाटुकलं, सगळं. मग मंचावरून गरजू मुलांची यादी वाचायची आणि एकेकाला बूट द्यायचे. एका वर्षी एका मुलाचं नाव पुकारलं, तर तो बाकाखाली जाऊन बसला. ओढून काढला तेव्हा म्हणाला, "ते नाव माझं नाहीच." त्या दिवशी मावशी मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "बाई, याद्या फाडा. मापं मी देते."

तिथून सुतळीची पद्धत निघाली. मावशी ओल्या पावलावर सुतळी धरायची, टाचेपासून लांबात लांब बोटापर्यंत. तिथे एक गाठ. पुढे अंगठाभर वाढ सोडून दुसरी गाठ, कारण पोरांचे पाय काही शाळेच्या वेळापत्रकाने वाढत नाहीत. सुतळीला आकडा लिहिलेली चिठ्ठी बांधायची नि झालं. त्या सुतळ्या गावभर जायच्या: निवृत्तांच्या मंडळात, पाव भाजणाऱ्याच्या दुकानात, बसच्या आगारात. ज्याने सुतळी उचलली त्याने बुटात घालून बघायची. पुढची गाठ नीट टेकली की बूट बरोबर. मग सुट्टीआधीच्या कार्यक्रमात शाळेतल्या झाडून सगळ्या मुलांना एकसारखी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली खोकी. कोणात रंग, कोणात गोष्टींचं पुस्तक, कोणात बूट. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही, घेणाऱ्याला देणारा. कुठला आकडा कोणाचा, हे एकट्या मावशीच्या डोक्यात. त्याचा तिला अभिमानही होता. म्हणायची, "माझी सुतळी आजवर कोणाला टोचली नाही."

आता त्या वर्षीचं सांगायचं. दुसरीत एक मुलगी होती. ती कधी चाललीच नाही. जायची ती तुरतुरतच. म्हणून मावशीने तिचं नाव तुरतुरी ठेवलं आणि वर्गाने ते उचललं. आई धुलाईच्या कारखान्यात चादरींना इस्त्री करायची, घरात या दोघीच. तुरतुरीच्या बुटांचे तळ आणि वरचं कापड यांची गाठ आता फक्त टाचेपाशी पडत होती. त्या वर्षी मावशीच्या मनात पहिला आकडा तिचा होता.

कार्यक्रमाच्या तालमीचा दिवस. तुरतुरी नळावरून तुरतुरत आली आणि व्हरांड्यात असं पाऊल उमटलं की पाचही बोटं मोजून घ्यावीत. मावशीने कमरेची सुतळी काढली, गुडघे टेकले, तोच सभागृहातून चित्रकलेच्या सरांची आरोळी.

"मावशी! पडदा पडला!"

"पडणारच! गाठ मारता की चित्र काढता?"

"अहो, पहिलीच्या बाई खाली अडकल्यात!"

मावशी हसत उठली. खरंच, पहिलीच्या बाई पडद्याखाली मांजरासारख्या चाचपडत होत्या आणि पोरं हसून लोळत होती. मावशीने त्यांना बाहेर काढलं, स्टुलावर चढून नऊच्या नऊ कड्या नव्याने बांधल्या, वर सरांना चार शब्द सुनावले. पाव तास गेला असेल.

परत आली तर दारातून ऊन आत सरकलं होतं. पाऊल होतं अजून, पण फिकट. बोटांची टोकं पुसट, टाचेची कड खाल्ल्यासारखी. ओलं पाऊल कडांकडून वाळत जातं, आत आत आकसतं, हे त्या बाईइतकं जगात कोणाला ठाऊक? रोज तेच बघत आलेली. 'एवढंसंच?' असं तिच्या मनात आलंही. दुपारी पोरगी पुन्हा नळावर जाणारच होती, थांबता आलं असतं. पण सुतळ्या बारापर्यंत द्यायच्या होत्या आणि सभागृहातून पुन्हा हाक आली. तिने होतं त्या पावलावर गाठ मारली, अंगठाभर वाढ सोडली आणि सुतळी कापली.

कार्यक्रमाच्या दिवशी तुरतुरीच्या खोक्यातून लाल बूट निघाले. पोरीने अशी किंकाळी फोडली की मंचावरचं गाणं थांबलं. मावशी मागे भिंतीला टेकून बघत होती. डोळे भरून आले.

"फडकं आणू का, मावशी?" सर म्हणाले.

"तुमचा पडदा सांभाळा."

तुरतुरीने बूट तिथेच चढवले. टाच आत जाईना तेव्हा तीनदा पाय आपटला. मावशीने ते पाहिलं. नवा बूट आहे, बसेल, असं स्वतःशीच म्हणाली.

तीन आठवड्यांनी शाळा उघडली. पहिल्या दिवशी मावशीने पावलं पाहिली. तुरतुरीचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी दुसरीच्या बाई म्हणाल्या, "ताप आहे म्हणे." मावशीने बादली तशीच ठेवली आणि कारखान्यामागच्या गल्लीत गेली.

दार आईने उघडलं. आत पाऊल टाकताच वास आला. मावशीने जन्मभर नाना वास पुसले होते, हा त्यातला नव्हता. तुरतुरी भिंतीकडेला पडून होती, उजवा पाय उशीवर, पायाला टॉवेल गुंडाळलेला. लाल बूट कोपऱ्यात खोक्यावर नीट जोडीने ठेवले होते.

"कधीपासून आहे हे?"

"दुसऱ्या आठवड्यात फोड आला," आई म्हणाली. "मलम लावत होते. उतरेल वाटलं. परवापासून ताप चढलाय. कामावर खाडा केला तर जागा जाते, मावशी. उद्या नेणारच होते."

मावशीने पोरीच्या कपाळावर हात ठेवला. "बूट घट्ट होते का गं?"

तुरतुरीने आईकडे पाहिलं. "नाही. थोडेच."

"मग सांगायचं नाही?"

"कोणाला सांगायचं?" आईच बोलली. "कोणी दिले ते शाळा सांगत नाही. बदलून मागायचे तरी कोणाकडे? आणि कोणी मायेने दिलेल्या वस्तूला नावं ठेवायची का? मीच म्हटलं हिला, नवा बूट चावतो, चार दिवसांत सैल पडेल. हीपण गुणाची. बोटं मुडपून घालत राहिली."

मावशीने पोरीला उचललं. दवाखान्यापर्यंत दोघी आळीपाळीने तिला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी टॉवेल सोडला आणि एकेक बोट दाबून पाहिलं.

"वेळेवर आणलं असतं तर मलमपट्टीत भागलं असतं," ते म्हणाले. "बोटं जाणार. पाऊल वाचतं का बघू."

पोरीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. आईने निघताना बूट पिशवीत घातले होते, घरी सोडून देववत नव्हते म्हणून. मावशीने त्यातला एक काढला, कमरेची सुतळी आत घातली, अंगठ्याने मोजलं. तेव्हा कुठे गाठ मारली होती, ते तिच्या बोटांना पाठ होतं. बुटाचा दोष नव्हता. देणाऱ्याने गाठीबरहुकूम, अगदी सुतभरही इकडेतिकडे न करता घेतला होता.

"माप माझं होतं," मावशी म्हणाली.

आईला कळेना. मग मावशीने सगळं सांगितलं: ओली फरशी, मोजे, सुतळी, पडदा, वाळलेलं पाऊल. काही ठेवलं नाही. आई इस्त्रीच्या चटक्यांनी डागाळलेले हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

"म्हणजे आमच्या घरात काय नाही, ते तुम्ही हिच्या पायावरून वाचत होता? रोज?"

"हो."

"आणि मला एका शब्दाने विचारलं नाही."

"तुम्हाला ओशाळं वाटू नये म्हणून."

"वाटलं असतं," आई म्हणाली. "मेल्याहून मेल्यासारखं वाटलं असतं. पण मी सांगितलं असतं, मावशी, की हिला बारा नंबर लागतो."

त्यानंतर ती मावशीशी बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही.

पाऊल वाचलं. करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. मावशीने मोठ्या बाईंनाही सगळं सांगितलं. बाई हळूच म्हणाल्या, "कोणाला कळणार आहे? आकडे तर एकट्या तुम्हालाच ठाऊक."

"तेच तर चुकलं, बाई," मावशी म्हणाली.

दोन महिन्यांनी तुरतुरी शाळेत आली. आई तिला दारात सोडून फरशीकडे बघत निघून गेली. पोरीने फळीपाशी बूट काढले, मोजे काढले आणि ओल्या फरशीवर मुद्दाम उजवा पाय दाबला.

"मावशी, बघ! आता माझं पाऊल शाळेत कोणासारखंच नाही. तू लांबूनच ओळखशील."

मावशीने "हो गं बाई" म्हटलं आणि बादली बदलायला गेली. तिथे नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

पुढच्या थंडीत मावशीने प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी घातली. लिहिण्याची सवय मोडलेली, तरी दीडशे चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने लिहिल्या: 'बूट चावला तर फरशीमावशीला सांगा. रागावणार नाही.' रंग मिळालेला एक पोरगा येऊन सांगून गेला, "माझे खडू चावत नाहीत, मावशी." बूट बदलायला तिघं आली. तिघांचे बदलून दिले.

त्या वर्षीही तालमीत पडदा पडला. सर ओरडले, "मावशी!" ती गुडघ्यावर होती, हातात सुतळी, समोर कोणाचं तरी ताजं पाऊल.

"पडू दे," ती म्हणाली आणि आधी गाठ मारली.

तेवढ्यात तुरतुरी शेजारून गेली. आता ती तुरतुरत नसे. डावा पाय टाकायची आणि उजवा जपून ओढून घ्यायची. तिचा आकडा मावशीकडे नव्हता. आईने मोठ्या बाईंना चिठ्ठी पाठवली होती, आमच्या मुलीच्या खोक्यात पुस्तकच घाला. तिच्या दोन्ही पायांत जाड, नवे लोकरी मोजे होते. फरशीवर दोन फराटे उमटले, एक रुंद, एक अरुंद, आणि त्यांवरून वाचण्यासारखं काही नव्हतं.

पुढे उन्हाळा आला. सगळी पोरं अनवाणी पळायला लागली. तुरतुरीच्या पायांतले मोजे तसेच होते.