लेबल लावण्याचा पाठ

जानेवारी १९७६, सोमवार, पिंपरी. औषधांच्या कारखान्यातल्या पॅकिंग खात्यात सकाळच्या शिफ्टच्या अकरा बायका हजर, एक रजेवर. शिकवणारी मी. नऊ वर्षं त्यांच्याच टेबलावर काम करून नुकतीच प्रशिक्षक झाले होते.

शिफ्टआधी दहा मिनिटांचा पाठ आणि एका पाठात एकच काम, असा माझा नियम होता. त्या दिवशी बाटलीला लेबल लावायचं होतं: आधी डिंक, मग कडा जुळवायच्या, मग मधून कडांकडे पुसायचं. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीने हाताच्या एकाच फिरकीत लेबल बसवलं. ते अगदी सरळ होतं, पण पाठाप्रमाणे नव्हतं. मी तिच्या नावापुढे ‘पुन्हा’ लिहिलं.

"अगं बये, तुला लेबल लावायला शिकवलं कुणी?" ती म्हणाली. शिकवलं होतं तिनेच. सगळ्या हसल्या.

"वेळ संपली," मी म्हणाले.

"बरं, मॅडम."

त्यानंतर तिने मला कधी ‘अगं’ म्हटलं नाही. कँटीनमध्ये मी डबा घेऊन गेले की बाकावर जागा मिळायची, पण गप्पा थांबायच्या. महिनाभराने मी खिडकीशी एकटीच जेवू लागले. पाठ मात्र उत्तम चालले. बायका चटकन शिकत, सही करत आणि निघून जात.

पुढे ती नोकरी सोडून चिखलीला मुलाकडे राहायला गेली. तिचं लेबल बरोबर होतं, हे तिला जाऊन सांगायचं अजून राहिलंय.