खालचा झिरा

लिंबाजी गेला. आमच्या शाळेतला आता मी एकटाच उरलो.

सकाळी त्याच्या पोराचा फोन आला. "काका, दादा गेले." मी म्हणलं, बरं. दुसरं काय म्हणणार? मग नातीला हाक मारली.

हे मी सांगतोय अन् नात टाइप करतीय. तिला ताकीद दिलीय, माझी भाषा सुधारायची न्हाई.

ती बीडला कॉलेजात हाय, फर्स्ट इयरला. परवा हायड्रॉलॉजीचा पहिलाच चॅप्टर मोठ्यानं वाचत होती. जमिनीखालून पाणी कसं वाहतं, एका ठिकाणचं उपसलं की शेजारचं का उतरतं.

म्हणलं, बाई, हे आमाला निजामाच्या राज्यात शिकवलंय. अन् लिंबाजीला लई महागात पडलंय.

नांदूरघाटच्या बाजूला आमचं गाव. शाळा सरकारी, पुस्तकं उर्दूत. भूगोलाला जुग्राफिया म्हणायचे. मास्तर हैदराबादकडचे, त्यांना आमी साहेब म्हणायचो.

लिंबाजी महारवाड्यातला, म्हणून दाराबाहेर बसायचा. आत बसणाऱ्यांत त्याच्याइतकं ध्यान एकाचंबी नव्हतं. माझं तर बिलकुल न्हाई.

उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत खड्डे करून पाणी काढायचं. त्याला झिरा म्हणायचे. वरच्या अंगाला गावाचा झिरा, खालच्या अंगाला महारवाड्याचा. रीतच तशी.

एक दिवस साहेब म्हणाले, "पानी ठैरता नै बच्चो. जमीन के अंदर बी चलता."

दारातून लिंबाजी बोलला, "साहेब, मग गावानं पाणी भरलं की आमचा झिरा उतरतो, त्यो त्याच्यामुळंच का?"

साहेब एकदम खुश. "चलो, देखते!"

सगळा वर्ग नदीत.

खरं तर वरचा झिरा उपसून खालचा बघायचा होता. पण गावाच्या झिऱ्याला लिंबाजीनं हात लावायची सोय नव्हती, अन् साहेबांना तर त्याच्याच हातनं करवून घ्यायचं होतं. मग उलटं केलं. वरच्या झिऱ्यात खूण केलेली काठी उभी केली, अन् लिंबाजी खालचा उपसायला लागला.

थोड्या वेळानं वरचं पाणी खुणेच्या खाली गेलं!

आमी नाचलो. साहेबांनी लिंबाजीची पाठ थोपटली.

काठावर गावातली माणसं उभी होती. त्यातला एक म्हणाला, "म्हंजी आमचं पाणी हेच ओढत्यात होय!"

घ्या. साहेबांनी दाखवलं पाणी एकच हाय, अन् गावानं त्यातून चोरी शोधून काढली.

दुसऱ्या दिवशी खालचा झिरा बुजवला. हुकूम सुटला, नदीच्या वळणाच्या पलीकडं जाऊन खोदा. तिथं वाळू बोटभर अन् खाली नुसता खडक. लिंबाजीची आय, सखूबाई, वाटीवाटीनं पाणी टिपून घागर भरायची.

साहेब चावडीवर जाऊन भांडले. "उलटा बी करके देखो ना! आपका झिरा उपसो!" कुणी ऐकलं न्हाई.

लिंबाजी शाळेत यायचा बंद झाला.

साहेबांसंगं मी त्याला बघायला गेलो. वाटी घेऊन खडकापाशी बसलेला. मान वर न करता म्हणला, "माझ्या शिकण्यानं आयचं पाणी तुटलं. आता न्हाई यायचं मला."

सखूबाईनं घागर खाली ठेवली. पोरावर लई तापली होती.

"पाणी भराया मी हाय की! माजे हात मोडलेत का? ऊठ. साळंला जा. अन् तुज्या साहेबाला इचार, ह्या खडकाखालचं पाणी कुठं जातंय."

साहेबांनी तिच्यापुढं हात जोडले. "माँजी, मेरे कू मालूम नै. ये पढ़ेगा, ये बताएगा."

तिनं पोराला दंडाला धरून उठवलं.

लिंबाजी शिकला. हैदराबादला जाऊन शिकला. पुढं नोकरीबी विहिरींच्याच खात्यात केली. गावोगाव पाणी दाखवलं बहाद्दरानं. पण स्वतःच्या वस्तीला विहीर मिळायला त्याचं अर्धं आयुष्य गेलं. कधी जागा न्हाई, कधी सही न्हाई, कधी गावच आडवं.

शेवटी त्याच वळणापाशी सुरुंग लावून खडक फोडला. खाली झरा लागला.

मी गेलतो त्या दिवशी. लोक गुलाल उधळत होते, हलगी वाजत होती. अन् लिंबाजी मातीच्या ढिगावर बसून हमसून हमसून रडत होता.

म्हणलं, "येडा हायस का बे? पाणी लागलंय!"

म्हणला, "दाखवू कुणाला? आय ऱ्हायली न्हाई."

मी त्याच्याशेजारी बसलो.  

लिंबाजी, गड्या, नीट जा.

जन्मभर मी तुला रामराम घातला. आज तुला अन् सखूबाईला, ह्या म्हाताऱ्याचा जय भीम.