ओल्या बारदानाखालचा संगणक

जळगावात सरकारी कचेऱ्यांच्या रांगेसमोर, कडुनिंबाच्या सावलीत माझे टेबल आहे. लोकांचे अर्ज, विनंत्या, तक्रारी, हरकती योग्य त्या भाषेत मांडून देणे हा माझा व्यवसाय. माझे शालेय शिक्षण नववीपाशी थांबले. तथापि माझ्या मजकुरातील वाक्य कोणा साहेबाने खोडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पदवीधर मंडळीही आपला अर्ज सादर करण्यापूर्वी माझ्या नजरेखालून घालून नेतात. हे आत्मस्तुतीसाठी सांगत नाही, वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो.

मागील उन्हाळ्यात जामनेरकडील एक बाई वारसनोंदीच्या कामासाठी आल्या. सोबत लहान मुलगी होती. मुलगी मोबाइलवर बोटे चालवत होती आणि उत्तर बरोबर आले की पडद्यावरचा ससा उडी मारत होता.

“तिच्याकडे लक्ष नका देऊ भाऊ,” बाई म्हणाल्या. “अभ्यास चाललाय तिचा.”

“अभ्यास कसला, खेळ दिसतो आहे.”

“गणिताचाच खेळ आहे. तुमच्या वेळी कुठं होतं असं काही!”

“होतं,” मी म्हणालो.

बाई हसल्या. त्यांचा विश्वास बसला नाही. सबब हा मजकूर लिहून ठेवत आहे.

आमचे गाव रावेर तालुक्यातले. चहूकडे केळीच्या बागा. वडील केळीचे जाणकार होते. घड उतरवण्याचा दिवस कोणता, हे ठरवण्यासाठी शेजारच्या गावांतूनही लोक त्यांना बोलावून नेत. वयाने फार मोठे नव्हते, पण सगळे त्यांना नाना म्हणत. शाळेच्या समितीवर ते सभासद होते. मी नववीत असताना एका केळी व्यापाऱ्याने शाळेला संगणक भेट दिला. आमच्या गावात आलेला तो पहिलाच संगणक.

तो ठेवण्यासाठी प्रयोगशाळेमागची खोली रिकामी करण्यात आली. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. यंत्रावर झालर लावलेले निळे नायलॉनचे आवरण असे. ते काढण्याचा अधिकार एकट्या गणिताच्या सरांना होता. सर धुळ्याकडचे. वर्गात पुस्तकी मराठी बोलत, पण रागावले की अहिराणीवर येत. काळी, चौकोनी, हातात धरली तर किंचित वाकणारी तबकडी ते कागदी पाकिटातून काढीत आणि यंत्राच्या फटीत सारीत. आतून दळण दळल्यासारखा आवाज येई. मग काळ्या पडद्यावर हिरव्या रेषांची एक विहीर उमटे. विहिरीच्या तळाशी एक बुटका माणूस उभा असे आणि त्याच्यासमोर एक शिडी.

खेळ इतकाच होता. पडद्यावर उदाहरण येई. उत्तर बरोबर आले की बुटका एक पायरी वर चढे, चुकले की एक पायरी खाली घसरे. वर पोहोचला की तो दोन्ही हात उंचावी आणि यंत्रातून पिपाणीसारखा सूर निघे. तो सूर माझ्या कानात आजही स्पष्ट आहे. नंतर ऐकलेली पुष्कळ गाणी मी विसरलो आहे.

गणितात मी कच्चा होतो. फळ्यापुढे उभे केले की माझ्या डोक्यातले आकडे पळून जात. परंतु या यंत्रापुढे तसे होत नसे. चूक झाली तर यंत्र हसत नसे, छडी उगारत नसे, वडिलांचे नाव काढत नसे. बुटका निमूटपणे खाली उतरे आणि पुन्हा वाट पाहत उभा राही. सरांनी हे हेरले. शाळा सुटल्यावर ते मला त्या खोलीत बसू देऊ लागले. दिवाळीनंतर मी बुटक्याला न घसरता वर नेऊ लागलो. अपूर्णांकसुद्धा मला जमू लागले.

ही गोष्ट घरी महत्त्वाची होती, कारण वडिलांनी एकदाच आणि ठामपणे सांगितले होते, “नववी निघाली त शाळा. नाही निघाली त बाग. तिसरं काही नाही.” मला शाळा हवी होती. बागेतले काम मला कमीपणाचे वाटत नव्हते. पण बागेत वाचायला काही नसते.

वाचनाचे वेड मला आधीपासून होते. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात मुलांसाठी एकच फडताळ होते आणि त्यातले माझे आवडते पुस्तक विनामुखपृष्ठाचे होते. जंगलातून डाक घेऊन धावणाऱ्या माणसाची ती गोष्ट. पहिली काही पाने गळालेली असल्याने तो कोण, कुठला, हे मला कधीच कळले नाही. त्याच्या पिशवीतल्या पत्रांत काय असेल, याचाच विचार मी अधिक करीत असे.

मार्चमध्ये आमच्याकडे ऊन कसे पडते, ते सांगण्याची गरज नाही. सर समितीच्या बैठकीत म्हणाले, “यंत्राला उष्णता बाधते. खोली थंड राहिली पाहिजे, नाहीतर आतले भाग बिघडतील.” वातानुकूलनाचा प्रश्नच नव्हता. वडील मात्र निर्धास्त झाले. थंड कसे ठेवावे, हे त्यांना शिकवण्याची कोणाला गरज नव्हती. दिल्लीच्या गाडीत जाणारे उत्तम घड उन्हात टिकावेत म्हणून त्यांवर ओले बारदान, म्हणजे भिजवलेले गोणपाट, घालण्याची आमच्याकडे रीत होती. त्यातही एक कसब असे. बारदान निथळते असता कामा नये, घट्ट पिळलेले हवे. नाहीतर माल काळा पडतो.

त्या रविवारी वडिलांनी शिपायाकडून किल्ली घेतली. खिडक्यांवर ओली बारदाने टांगली. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांतले सर्वांत मऊ, सर्वांत नीट पिळलेले बारदान त्यांनी निळ्या आवरणासकट यंत्रावर पांघरले. सायंकाळी पुन्हा जाऊन त्यावर पाणी शिंपडून आले. मला घरी येऊन म्हणाले, “तुह्या कॉम्प्युटरची काळजी नको करू आता.” परीक्षा तोंडावर आली होती.

सोमवारी सरांनी दार उघडले तेव्हा मी त्यांच्या मागे उभा होतो. त्यांनी बारदान उचलले, आवरण काढले, रुमालाने यंत्र पुसले आणि बटण दाबले. आत फुटाणा फुटल्यासारखा आवाज झाला आणि जळक्या रबराचा वास आला. पडदा काळाच राहिला.

वडिलांना बोलावणे गेले. सर दारातच ओरडले, “नाना, हाई काय करं तुम्ही? बठ्ठं ओलं व्हयी गयं!”

“सर, तुमीच त म्हणे थंड ठिवा,” वडील म्हणाले. “हात लावून पाह्या. माठावानी थंडगार हाये.”

“माठाले करंट नही लागस, नाना!”

वडिलांनी खरोखरच यंत्रावर हात ठेवून पाहिला.

यंत्र वडील स्वतःच्या गाडीतून, केळीच्या पानांवर ठेवून, जळगावला दुरुस्तीस घेऊन गेले आणि तसेच परत घेऊन आले. दुरुस्ती होण्यासारखे नव्हते. शाळेतल्या मुलांना एक वर्षभर पुरेल इतका विषय मिळाला. मी दिसलो की ओरडत, “काय रे, पिकला का कॉम्प्युटर? कधी लोड करता?” शिपायानेही एकदा विचारले, “तुह्या बापानं घड मोजले का नाही आतले?”

बुटक्याविना माझे आकडे पुन्हा पळू लागले. सरांनी उपाय म्हणून आपल्या घरचे गणिती कोड्यांचे एक पुस्तक मला दिले. त्यात प्रत्येक कोडे म्हणजे एक प्रसंग होता. एक व्यापारी तीन मुलांना बैल वाटून देतो. दोन बहिणी एकाच हौदातून पाणी भरतात. ते पुस्तक मी झपाटल्यासारखे वाचले. आजतागायत त्याइतके आवडते पुस्तक मला मिळालेले नाही. पण एकही कोडे मी सोडवले नाही. धाकट्याला कमी बैल का, थोरल्याने हरकत का घेतली नाही, हौद कोणाच्या मालकीचा, याच प्रश्नांत मी गुंतून राहत असे.

वार्षिक परीक्षेत असेच एक उदाहरण आले. तीन भावांमध्ये शेताची वाटणी. प्रत्येकाच्या वाट्यास किती क्षेत्र येईल, ते काढा. शेतात एक विहीर होती. मी दोन पाने लिहिली. विहिरीची वाटणी होऊ शकत नाही, सबब पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात. मागच्या तुकड्यास वहिवाटीचा रस्ता ठेवावा. बांधावरील झाडे कोणाच्या हिश्श्यात, हे आधीच स्पष्ट करावे. क्षेत्राचा आकडा तेवढा लिहायचा राहिला. बाकीच्या उदाहरणांचीही गत फार वेगळी नव्हती. मी गणितात नापास झालो.

निकालाच्या दिवशी सर स्वतः घरी आले. माझे मामा त्या वेळी जळगावहून आलेले होते. तेही अर्ज लिहिण्याचे काम करीत. सरांनी उत्तरपत्रिका वडिलांपुढे ठेवली. वडिलांनी ती वाचली नाही. ते म्हणाले, “चूक याची नाही. मशीन म्या मारलं. याले आणखी एक वरीस देतो.”

दिलेला शब्द वडील मागे घेताना मी प्रथमच पाहत होतो.

मामांनी तोवर उत्तरपत्रिका उचलली होती. ते वाचत गेले आणि मोठ्याने हसू लागले. “अहो नाना, हे गणित नाही. हा वाटणीचा दावा आहे. आमच्याकडे वकील एवढं स्वच्छ लिहीत नाहीत.”

“म्हणून गुण द्यायचे का मी?” सर म्हणाले.

“तुम्ही नका देऊ. मी देतो. पोरगा मला द्या.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. “तू बोल. पुन्हा नववी करशीन?”

मी सरांना विचारले, “दुसरा संगणक येईल का?”

“नाही रे,” सर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

“मग नाही करत.”

मी शाळा सोडली ती अशी. याबद्दल लोक हळहळ व्यक्त करतात, पण मला तिचे प्रयोजन कधी समजले नाही. जे यंत्र मला शिकवू शकत होते ते गेले होते, आणि जे मला येत होते त्याला शाळेत गुण नव्हते. निर्णय मी घेतला आणि तो मी योग्य मानतो.

आठवड्याने वडील मला आणि मामांना रावेरच्या स्टँडवर सोडायला आले. जळगावची गाडी लागली. मी खिडकीपाशी बसलो. वडिलांनी मामांना बाजूला घेतले, पण त्यांचा आवाज मुळातच मोठा होता.

“तिथं त्याले हिशेब त करावा लागत नाही ना?”

“आकडे पक्षकार घेऊन येतो, नाना. आपण फक्त मजकूर करायचा.”

“मग ठीक,” वडील म्हणाले, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले.