लेन्सचं झाकण

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानात हल्ली गिऱ्हाईक चुकूनच फिरकायचं. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन लांब. दिवस दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही.

अशात एक पोरगी आली. दवाखान्यात नोकरीला, गावात नवी. "काका, रोलचा जुना कॅमेरा हवाय, स्वस्तातला. मला काही म्हणजे काही येत नाही."

काकांनी दोन जुने रेंजफाइंडर कॅमेरे पुढ्यात ठेवले. एक चकचकीत, उजेड मोजणारा काटा असलेला, पण नखरेल. सारखा दुरुस्तीला येणार. दुसरा पोचे पडलेला, पण गुणी. पोरगी अर्थातच चकचकीतवर भाळली.

आता गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पोरगी येत राहिली असती, चहा झाला असता, चार गप्पा झाल्या असत्या. काकांना मोह झाला. का होऊ नये? पण हात गेला पोचेवाल्याकडे. "हा घे. लेन्स स्वच्छ आहे. या खिडकीतून माणूस दुहेरी दिसतो. ही कडी फिरवून दोनाचा एक केलास की बटण दाब. पुन्हा माझं तोंड बघावं लागणार नाही." हे शेवटचं त्यांचं त्यांनाच लागलं.

त्यांनी रोल भरून दिला. "मग पहिला फोटो तुमचाच," ती म्हणाली. "धुऊन आला की आणून देईन."

काकांनी घाईघाईनं कॉलरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला. किती वर्षांत त्यांच्याकडे कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. खट् झालं आणि ती गेली.

मग त्यांनी जीभ चावली. लेन्सचं झाकण तसंच होतं. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी; झाकण असलं तरी सगळं छान दिसतं, रोल मात्र कोरा निघतो. प्रत्येक नवख्याला ते आधी हेच बजावायचे. आज फोटोत मिरवायच्या नादात विसरले.

नाही सांगितलं तर सगळा रोल वाया जाईल, आणि ती विचारायला नक्की येईल. काका क्षणभर खुर्चीतच बसून राहिले. मग अनवाणीच बसस्टॉपवर धावले.

"अगं, झाकण काढ ते," ते धापा टाकत म्हणाले.

ती हसली. झाकण काढून खिशात टाकलं. "म्हणजे तुमचा फोटो गेलाच की." तेवढ्यात बस आली. "पुन्हा काढू कधीतरी," ती दारातून म्हणाली.

"काढू की," काका म्हणाले. त्यांची मुलगीसुद्धा फोनवर "येते कधीतरी" असंच म्हणायची.

तरी दुकान बंद करेपर्यंत त्यांनी कॉलरचं बटण काढलं नाही.