रहीमचाचांचा जाळ आणि साहेबाची चूक

गेल्या रविवारी शेगावला एका कार्यक्रमात मी भांडले. नव्वदी ओलांडलेल्या बाईनं भर सभेत भांडू नये म्हणतात... मग अशा बाईसमोर खोटंही बोलू नये.

वक्ते पुण्याहून आले होते. जिल्ह्यातल्या विसरलेल्या घटना पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होते. म्हणाले, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संग्रामपूरजवळ एक लष्करी विमान पडलं, कारण अडाणी गावकऱ्यांनी जाळ पेटवला आणि पायलटची दिशाभूल झाली. लोक हसलेसुद्धा.

मी उभी राहिले. म्हटलं, मी तिथं होते. तर म्हणतात, "आजी, तुमच्या भावना मी समजू शकतो." अहो, भावना कसल्या? मी साक्षीदार आहे. तिथं माईक दिला नाही, म्हणून इथं लिहिते.

तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. बाबा संग्रामपूरजवळच्या एका गावी सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. मी नागपूरला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये शिकत होते, नाताळच्या सुट्टीत घरी आले होते. आभाळ इतकं खाली आलेलं की समोरचा सातपुडा कुणी पुसून टाकल्यासारखा... वर बारीक पाऊस.

संध्याकाळी ढगांत विमानाचा आवाज आला. गेला, परत आला. प्रत्येक वेळी जरा अजून खालून.

गावाच्या टोकाला उंचवट्यावर रहीमचाचा राहायचे. कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारे. आमच्याकडे रीत अशी, की शिवारात कोणी वाट चुकला तर गावाच्या टोकाला जाळ करायचा, म्हणजे त्याला गाव दिसतं. आता वर फिरणारा माणूस शिवारातला नाही, एवढा विचार चाचांनी केला नाही. वरच्या ओल्या पराट्या बाजूला फेकल्या आणि खालच्या कोरड्या पेटवून दिल्या. पराट्या म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या... वर्षभराचं सरपण होतं ते. चाची मागून विचारत होती, उद्या भाकरी कशावर टाकू, तुमच्या डोक्यावर?

विमान ढगातून बाहेर आलं ते थेट जाळासमोर. त्याचं नाक एकदम वर झालं, पोट बाभळींना घासलं आणि पलीकडच्या हरभऱ्यात ते घसरत गेलं. आत दोघं होते, गोरा पायलट आणि त्याचा वायरलेसवाला. दोघंही जिवंत. त्यांना बाहेर ओढून काढणाऱ्यांत पहिले रहीमचाचा.

दुसऱ्या दिवशी पोलीस चाचांनाच घेऊन गेले. त्या गोऱ्या साहेबानं जबाब दिला होता की, जाळ पाहून मला धावपट्टीचे दिवे वाटले, म्हणून मी खाली आलो. लढाईचे दिवस... दुश्मनाला इशारा केला असा संशय. त्या काळी एवढ्यावर माणूस कायमचा आत जाऊ शकत होता. चाची आमच्या ओट्यावर येऊन बसली ती उठेचना.

साहेब मात्र आमच्या दवाखान्यात खाटेवर लोळत चहा पीत होता. शेजारच्या खाटेवर हात मोडलेला वायरलेसवाला. बाबा आत गेले होते, मी कपबशा उचलत होते. परकर-पोलक्यातल्या काळ्या पोरीला इंग्रजी कुठून येणार... ते दोघं खुशाल बोलत राहिले.

त्यांच्या बोलण्यातून उलगडलं ते असं. ढगांत उतरताना पायलटच्या कानात रेडिओचा सूर असायचा. सूर सलग ऐकू आला, म्हणजे रेषेवर आहोत. पण त्या रेषेवरून धावपट्टीकडेही जाता येतं आणि धावपट्टीपासून दूरही. साहेब उलटा चालला होता. धावपट्टी पाठीमागे, समोर सातपुडा... आणि हा खाली उतरतोय.

"आपण उलटे चाललोय, मी तुला दोनदा सांगितलं होतं," वायरलेसवाला म्हणाला.

"ते मेसमध्ये बोलू नकोस," साहेब म्हणाला. "म्हाताऱ्याला काही दिवसांत सोडतील."

मी कपबशा ठेवल्या आणि बाबांना सगळं सांगितलं. चौकशीला अधिकारी दवाखान्यात आला तेव्हा बाबांनी मला पुढे केलं. तो हसला. मग मी दोघांची वाक्यं, कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी घोटून घेतलेल्या उच्चारांत, जशीच्या तशी म्हणून दाखवली. त्याचं हसू गेलं. त्यानं वायरलेसवाल्याकडे पाहिलं. तो पोरगा मोडका हात सावरत उठून बसला आणि म्हणाला, "ती खरं बोलते आहे. जाळ दिसला म्हणून जमीन कळली. तो जाळ नसता तर आम्ही डोंगरात गेलो असतो."

चाचा सुटले. साहेबानं माफी मागितली नाही, साधं भेटायलाही आला नाही. गावानं मात्र घरटी पराट्यांचा एकेक भारा चाचांच्या दारात आणून टाकला. आमच्या घरचा मी ओढत नेला.

पुढे मी जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या. चुकांचा मला राग येत नाही. आपली चूक उचलून दुसऱ्याच्या वहीत ढकलणाऱ्यांचा येतो. आणि इतक्या वर्षांनी तीच ढकललेली चूक पडद्यावर दाखवून त्यावर हशा मिळवणाऱ्यांचा तर फारच.

चाचांना सोडायला आलेल्या शिपायानं जाता जाता दम दिला होता, "पुन्हा इमान आलं तं जाळ करशीन काय बे?"

चाचा भारे रचत होते. मान वर न करता म्हणाले, "वाट चुकला असन तं करीन ना. त्याले खाली उतरल्यावर इचारता येते, कोन हाय म्हनून."

वक्तेसाहेब, अडाणी म्हणालात ना... ते हे.