गोपाळरावांचा कुलपातला पाम

आमच्या लेआउटमधे, म्हणजे वसाहतीत, गोपाळरावांइतका संशयी माणूस दुसरा नाही, अन् हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. यांचं तोंड दुधानं कधी पोळलंच नव्हतं, तरी ताक फुंकायचे! हिंगण्याच्या एका कारखान्यात जन्मभर तयार माल तपासायचं काम केलं. दिसेल त्या वस्तूत खोट शोधायची, त्याचाच पगार. रिटायर झाले, पगार थांबला, खोट शोधणं काही थांबलं नाही. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून पाहतील, ऑटोवाल्यानं रस्ता बदलला म्हणून बर्डीच्या भर बाजारात उतरून भांडतील. एकाच माणसावर त्यांचा भरवसा होता, ती म्हणजे त्यांची बायको सिंधूताई.

मी कुसुम, त्यांची शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे.

रिटायर झाल्यावर गोपाळरावांना झाडांचा नाद लागला. पण गुलाब-मोगरा कसा चालंल? ऑस्ट्रेलियाच्या पलीकडे कोणतं तरी बेट आहे, तिथला पाम पाहिजे. त्याचं नवीन पान लालभडक उघडते अन् आठ-दहा दिवसांत हिरवं होते म्हणे. केरळातून पाच बिया मागवल्या. पार्सल फोडलं अन् यांचा चेहराच उतरला.

"सिंधू, फसवलं वं आपल्याले! ह्या तं सुपाऱ्या आहेत."

अन् एक बी अडकित्त्यानं फोडूनच पाहिली. सुपारी नव्हती. बाकीच्या चार पेरल्या, पण जीव थाऱ्यावर कुठं? दर रविवारी माती उकरून पाहायचे, कोंब आला काय म्हणून. त्यात तीन बिया गेल्या. चौथी वाचली, कारण सिंधूताईनं ती कुंडी गुपचूप जिन्याखाली सरकवली अन् सांगितलं, "सडली ते, फेकून देली मी." कितीतरी दिवसांनी तिनं कुंडी बाहेर आणली, तं हिरवा कोंब! गोपाळराव तेव्हा रागावले नाहीत. "तुझ्या हाताले गुण आहे वं," म्हणाले, अन् लेकरासारखे हसले.

पहिलं पान माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं आलं. यांनी लगेच म्हटलं, हे साधं सुपारीचंच झाड असंल. पुढं पानं पिसासारखी झाली, बुडाशी गुळगुळीत हिरवं खोड दिसायला लागलं. मग झाड जमिनीत लावलं, वर हिरवी जाळी, जाळीले दार, दाराले कुलूप. चावी सिंधूताईच्या पदराले. काही वर्षांनी पहिलं लाल पान उघडलं, तं हे औषधाची बाटली घेऊन धावले, रोग पडला म्हणून! सिंधूताईनं बाटली हिसकून घेतली. "अहो, याच्याचसाठी तं लावलं नं आपण!" मग दोघं नवरा-बायको जाळीत स्टूल टाकून बसले, चहा तिथंच. आम्हाले बोलावलं नाही, नजर लागंल म्हणून. मी भिंतीवरून मान लांब करून शेंडा पाहिला तेवढाच.

अन् या उन्हाळ्यात त्या झाडाले काहीतरी झालं. पानांची टोकं करपली, नवीन कोंब अर्ध्यातच अडकला. पामाले शेंडा एकच. तो सुकला की सगळं झाड गेलं, दुसरीकडून फुटत नाही. गोपाळरावांची झोप उडाली.

पहिला नंबर माझा लागला.

"कुसुमताई, भिंतीवरून काय फेकता तुम्ही?"

"मी काहून फेकीन बाप्पा?"

"फिनाइलचा वास येऊन राहिला."

"मग फरशी पुसू नको काय मी? तुमच्या झाडाले विचारून पुसू?"

अशी तणतणली मी! त्यांच्या तोंडावर दार आपटलं. मग दूधवाल्यावर संशय, मग मीटर पाहायला आलेल्या पोरावर. अन् एका सकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "चावी दे."

"काहून?" सिंधूताईनं विचारलं.

"दे म्हटलं नं. माझ्याशिवाय जाळीत तूच जातेस."

"मी काय करीन हो त्याले?"

"बी सडली म्हणून खोटं बोललीच होतीस नं तू."

बाई गं! ज्या खोट्यानं झाड वाचवलं तेच तिच्या तोंडावर मारलं. सिंधूताईनं पदराची गाठ सोडली, चावी ओट्यावर ठेवली अन् आत गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अन् रागही असा आला की भिंत ओलांडून जावं अन् त्यांना चांगलं खडसावावं. त्या दिवसापासून ती कामापुरतीच बोलायची.

उन्हाळा उतरला तसा मी कूलर धुवाले काढला. गवताच्या जाळ्या क्षारानं पांढऱ्या, लाकडासारख्या कडक झालेल्या. अन् माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. यंदा गोपाळरावांनी कुठंतरी वाचलं होतं की नळाच्या पाण्यात ब्लिचिंग असते. नळावर भरवसा नाही, म्हणून रोज सकाळी आपल्या कूलरच्या टाकीतलं पाणी बादलीत काढून पामाले घालायचे. रात्रभर फिरलं की औषध उडून जाते, हे त्यांचं शास्त्र. अहो, पण उडते ते पाणी! क्षार खालीच राहतो. त्याच टाकीत रोज नवीन पाणी, अन् क्षार वाढतच जातो. पूर्ण उन्हाळाभर हा माणूस आपल्या हातानं झाडाले खारं पाणी पाजून राहिला होता.

गप्प बसली असती मी. पण सिंधूताईचं तोंड पाहवत नव्हतं. भिंतीपाशी जाऊन सांगितलं.

"तुम्हाले काहून एवढी काळजी?" ते डोळे बारीक करून म्हणाले.

"माझ्यावर भरवसा ठेवूच नका," मी म्हटलं. "एका थाळीत नळाचं पाणी घ्या, एका थाळीत कूलरचं. उन्हात वाळू द्या. तपासणारे आहात नं तुम्ही? मग तपासा."

हे मात्र त्यांना पटलं. संध्याकाळी पाहिलं, तं नळाच्या थाळीत जराशी छटा, अन् कूलरच्या थाळीत पांढरी खपली. त्यांनी बोट लावून चाखलं, थुंकले, अन् तिथंच पायरीवर बसले. सिंधूताई आली, थाळी उचलली, घासली, पालथी घातली.

मग त्यांनी नळाचं पाणी सोडून सोडून माती धुतली. किती दिवस शेंडा तसाच होता. पोळ्याच्या सुमारास कोंब हलला अन् पान उघडलं. लाल! इतकं लाल की भिंतीवरूनही दिसलं. त्या दिवशी गोपाळरावांनी पहिल्यांदाच जाळीचं दार सताड उघडलं, शेजारपाजार सगळा बोलावला. "कुसुमताई, आधी तुम्ही," म्हणाले. मी पाहिलं, खरंच सांगते, माझा सगळा राग गेला.

मग ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. सिंधूताई कणीक मळत होती.

"सिंधू, चाल नं पाहाले. लाल झालं."

तिनं मान वर केली नाही. "मी नाही येत," म्हणाली. "मी जवळ गेली अन् सुकलं तं?"

गोपाळराव दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायला गेले, तिसऱ्या दिवशीही. कधी भांडी होती, कधी डोकं दुखत होतं. पान आधी गुलाबी झालं, मग तांब्याच्या रंगाचं, मग हिरवं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं, सिंधूताईनं नाही पाहिलं.